पडवीतील राजदूत : आधी कागद, मग इंजिन, शेवटी रंग

डहाणू रोडच्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या पेढीच्या मागील दाराने आत गेले, तर पडवीत बरेच काही साठलेले दिसते. रिकाम्या गोणी, पितळी पारड्यांचा जुना तराजू, दोऱ्यांनी बांधलेल्या लाल वह्या. त्यांच्या आड कधी कधी गोणपाटाखाली झाकलेली एक फटफटीही असते. टायरमधील हवा केव्हाच गेलेली, टाकीवर गंजाचे डाग, आणि टाकीच्या बाजूला पुसट होत चाललेले नाव : राजदूत. घरातील वडीलधारी मंडळी तिच्याकडे पाहून एकच वाक्य बोलतात, "हिने पेढी चालवली." नातू विचारतो, "मग ही पुन्हा सुरू होईल का?" सून विचारते, "भंगारात द्यायची कधी?"

हे तिन्ही उद्गार खरे आहेत. जुन्या छोट्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे आकर्षण गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढले आहे. कोणी वडिलांची गाडी जागवू पाहतो, कोणी तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून किंवा सीमेपलीकडील भिलाड-वापीकडून जुनी गाडी विकत आणतो. उत्साहात पहिला खर्च बहुधा रंगावर होतो, दुसरा इंजिनावर, आणि कागदपत्रांची आठवण रस्त्यावर कोणी अडवल्यावर येते. हा क्रम नेमका उलटा असावा. तसे का, हे समजण्यासाठी आधी ही गाडी या मुलखात काय काम करीत होती ते पाहिले पाहिजे.

रानवाटेची गाडी

डहाणू आणि तलासरी हे तालुके नकाशावर एकमेकांना लागून आहेत, पण त्यांत भूमीचे दोन स्वभाव आहेत. पश्चिमेला समुद्रकाठची बोर्डी-घोलवडची पट्टी, चिकूच्या वाड्या आणि रेल्वेमार्ग. पूर्वेला गंजाड, कासा, सायवन, उधवा असा चढउताराचा, पाड्यापाड्यांत विखुरलेला प्रदेश. मधून राष्ट्रीय महामार्ग अच्छाडजवळ गुजरातेत शिरतो. किराणा, कापड, भात आणि गवत यांचा व्यापार करणाऱ्यास पूर्वेकडील गावांत जावेच लागे. माल बैलगाडीने किंवा टेम्पोने जाई, पण उगराणीसाठी, भाताचा अंदाज घेण्यासाठी, कोणाच्या घरच्या लग्न-मयतासाठी मालकाला स्वतः जाणे भाग होते. डांबरी रस्ता संपला की लाल मातीची वाट, पुढे खडी, आणि पावसाळ्यात फरशीवरून वाहणारा ओहोळ.

अशा वाटांसाठी जगात वेगळ्या प्रकारची मोटारसायकल तयार झाली होती. 1968 साली यामाहा कंपनीने डीटी-1 ही 250 सीसीची हलकी टू-स्ट्रोक गाडी बाजारात आणली आणि 'ट्रेल' म्हणजे रानवाटेवर चालणाऱ्या गाड्यांना अमेरिकेत मोठी बाजारपेठ मिळाली. उंच मडगार्ड, रुंद हँडल, खडबडीत टायर आणि सहज उचलता येईल असे वजन, ही तिची लक्षणे. आपल्या बाजारात त्या काळी असे वाहन नव्हते. ते काम ग्रामीण भारतात ज्या गाडीने केले, ती राजदूत 175.

तिचे मूळ पोलंडमधील. क्येल्त्से शहरातील कारखान्याच्या एसएचएल एम-11 या मोटारसायकलीचा परवाना घेऊन एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 पासून ती भारतात बनवली. 173 सीसीचे एकच सिलिंडर, तीन गिअर, साडेसातच्या आसपास अश्वशक्ती. आजच्या मुलांना हे आकडे किरकोळ वाटतील, पण ही शक्ती कमी फेऱ्यांतच हाताशी येत असे. दुधाच्या कॅनी, धान्याचे पोते किंवा मागे दोन माणसे घेऊनही ती चढ चढे. पुढच्या चाकाची निलंबन-रचना नेहमीच्या दुर्बिणीसारख्या नळ्यांची नसून चाकामागे वळलेल्या जाड दांड्यांची होती. त्यामुळे खड्ड्यातील धक्का ती संथपणे पचवी. 1973 च्या 'बॉबी' चित्रपटामुळे तिचे जीटीएस हे छोटे भावंड तरुणांत गाजले. मात्र दूधवाले, शिक्षक, ग्रामसेवक आणि व्यापारी यांच्या अंगणात साधी राजदूतच उभी असे.

तिच्या जोडीला आणखी काही नावे घ्यावी लागतील. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझ्दी. हे नाव इराणातील याझ्द शहराशी जोडले जाते, आणि डहाणू परिसरात चिकूच्या वाड्या वाढवणाऱ्या इराणी कुटुंबांपैकी अनेकांचे मूळही त्याच भागातले. 1985 साली आलेली यामाहा आरएक्स-100 ही अवघ्या 98 सीसीची चपळ गाडी, जिच्यामागे आजही तरुण वेडे आहेत. आणि 1972 साली फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिकने आणलेली 50 सीसीची लुना, जिने लहान दुकानदाराला पहिल्यांदा पेट्रोलवर बसवले. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती : इंजिन टू-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकचे मर्म

टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, कॅम नसतो, तळाशी तेलाचा साठाही नसतो. पिस्टन खाली-वर होतानाच सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो आणि बंद करतो. ताजे मिश्रण आधी पिस्टनखालच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये येते, तेथे दाबले जाते आणि मग वर ढकलले जाते. थोडक्यात, इंजिनाचे पोट हाच त्याचा पंप. वंगणासाठी लागणारे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. ते जाताजाता बेअरिंगला, पिस्टनला लागते आणि शेवटी जळून जाते. आरएक्स-100 मध्ये त्यासाठी वेगळी तेलाची टाकी व पंप होता. राजदूतमध्ये मिश्रण हातानेच करावे लागे.

एवढे समजले की जुन्या गाडीचे निम्मे आजार ओळखता येतात. पोकळी हवाबंद राहण्यासाठी क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गाडीत ते कडक होतात. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. क्लचच्या बाजूचा सील गेला, तर गिअरबॉक्समधील तेल आत ओढले जाते. मागून दाट पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कारण नसताना कमी होते. विकत घेताना विक्रेता सांगतो, "टू-स्ट्रोक आहे, धूर असणारच." धूर असणारच, हे खरे. पण सुरू झाल्यावर थोडा वेळ येणारा निळसर धूर वेगळा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा ढग वेगळा.

आधी कागद

आता क्रमाकडे वळावे. गाडी वडिलांची असो वा विकत घ्यायची, पहिला दिवस आरसी बुकाचा. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक हे दोन्ही पुसून, उजेडात, अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. अक्षरे घासलेली, वाकडी किंवा नव्याने ठोकल्यासारखी दिसली, तर किंमत कितीही कमी असो, सौदा तेथेच थांबवावा. जुन्या गाड्यांत इंजिन बदललेले असणे नवे नाही. पण ते बुकात नोंदलेले असले पाहिजे.

तलासरीच्या बाजूने खरेदी करणाऱ्यास एक विशेष मोह असतो. सीमा हाकेच्या अंतरावर आहे. वलसाड जिल्ह्यातील, दादरा-नगर हवेलीतील किंवा दमणची गाडी स्वस्तात मिळते. पण दुसऱ्या राज्यातील गाडी येथे नावावर करायची, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 28, लागते. महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. आणि वाहन 12 महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील नोंदणी घ्यावी लागते. हा खर्च मिळवला की स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही. राज्यातल्या राज्यात हस्तांतरासाठी नमुना 29 व 30 पुरतात. गाडी कधी कर्जावर घेतलेली असेल आणि बुकावर बँकेचा बोजा राहिला असेल, तर तो उतरवण्यास नमुना 35 लागतो. कर्ज फिटून 30 वर्षे झाली तरी बुकातील बोजा आपोआप उतरत नाही.

वडिलांच्या नावावरील गाडीचे प्रकरण अधिक नाजूक. मालकाच्या निधनानंतर वारसाने 30 दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावे आणि 3 महिन्यांत नमुना 31 भरून गाडी आपल्या नावावर करावी, असा नियम आहे. बहुतेक घरांत हे राहून जाते. पुढे 15 वर्षांची नोंदणी संपते; मग तपासणी, नमुना 25, पर्यावरण कर आणि उशिराचा आकार असे एकेक ओझे वाढत जाते. हस्तलिखित बुकाची नोंद संगणकावर चढलेलीच नसेल, तर आधी तीही करून घ्यावी लागते. पालघर जिल्ह्याची नोंदणी आज एमएच 48 खाली होते, पण जुन्या गाड्या ठाण्याच्या क्रमांकाच्या असतात. त्यामुळे मूळ नोंद कोणत्या दप्तरात आहे, हे शोधण्यातच काही फेऱ्या जातात. हे सगळे पूर्ण झाले, की नोंदणी 5 वर्षांसाठी पुढे चालते.

50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या गाड्यांसाठी 2021 च्या नियमांनी 'व्हिंटेज' असा स्वतंत्र वर्ग केला आहे. नव्या नोंदणीस 20,000 रुपये व नूतनीकरणास 5,000 रुपये शुल्क आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर यावी. म्हणून गाडी मिरवायची आहे की कासा-तलासरीपर्यंत चालवायची आहे, हे घरात आधीच ठरवावे.

कागदांना पहिला मान देण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते प्रत्येक व्यापारी घराने मनावर घ्यावे. अनेक पेढ्यांवरून जुनी गाडी विश्वासू गड्याला, वाडीवरच्या राखणदाराला किंवा ओळखीच्या शेतकऱ्याला देऊन टाकलेली असते. दिली ती चांगल्या मनाने. पण नाव बदलले नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. विमा नसलेली, नाव न बदललेली अशी एक फटफटी महामार्गावर कोणाला धडकली, तर ज्या घरात ती वीस वर्षांपूर्वी शेवटची दिसली त्या घरी नोटीस येते. दान दिलेल्या वस्तूचाही हिशेब पुरा करावा लागतो, तो असा.

मग इंजिन

कागद मार्गी लागले की पावसाळ्याचे चार महिने दुरुस्तीला उत्तम. चातुर्मासात प्रवास तसाही कमी असतो, आणि ओल्या वाटेवर गाडी काढण्यापेक्षा ती पडवीत उघडलेली बरी.

पहिला नियम : बंद गाडीला किक मारून पाहू नये. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. प्लग काढून त्या छिद्रातून थोडे तेल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मग हळूहळू फिरवून पाहावे. जोर केला तर रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडे उठतात. ओरखडे असतील तर टर्नरकडे बोअर करून त्या मापाचा मोठा पिस्टन घालावा लागतो. बोअरची मापे पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात, म्हणून सिलिंडर आधी किती वेळा बोअर झाला आहे हे विचारावे. शेवटच्या मापावर आलेला सिलिंडर स्वस्त गाडीला महाग करतो.

इंजिन उघडलेच आहे तर दोन्ही ऑइल सील आणि सर्व गॅस्केट बदलावेत. कार्ब्युरेटर पूर्ण खोलून, जेटची बारीक छिद्रे हवेने साफ करावीत. जुने पेट्रोल-तेल वाळून त्यांत डिंकासारखे बसलेले असते. राजदूतच्या 6 व्होल्टच्या विजेत कटकट बहुधा पॉइंट आणि कंडेन्सर यांची असते. पॉइंट साफ करून फट बरोबर ठेवली, की ठिणगी परत येते. सायलेन्सरमध्ये साठलेला काळा थर काढल्याशिवाय गाडी ओढ घेत नाही, हे अनुभवी मिस्त्री प्रथम सांगतो.

डहाणूच्या खाऱ्या हवेचा खरा बळी पेट्रोलची टाकी असते. आतला गंज काढण्यासाठी टाकीत मूठभर छोटे नट किंवा बारीक साखळी घालून हलवावी, सौम्य आम्लाने धुवावी, सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे आणि पूर्ण वाळवून लगेच तेलाचा हात फिरवावा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषते आणि जुन्या रबराला खाते. म्हणून पेट्रोलची नळी आणि रबरी भाग नवे, इथेनॉल सोसणारे घ्यावेत, टाकीत पेट्रोल फार दिवस साठवू नये, आणि गाडी उभी करताना कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

तेलाचे प्रमाण अंदाजाने कधीही घालू नये. गाडीच्या पुस्तिकेत 25 ला 1 लिहिले असेल, तर लिटरमागे 40 मिली, म्हणजे 5 लिटरला 200 मिली. तेल कमी पडले तर पिस्टन अडकतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि मागच्यांच्या नाकाला त्रास. बोअर केलेले इंजिन सुरुवातीचे काही शे किलोमीटर सौम्य वेगात चालवावे. आणि एक सावधगिरी घाटाची : मिश्रणावर चालणाऱ्या गाडीत तेल पेट्रोलसोबतच येते. जव्हारकडून कासाकडे लांब उतार उतरताना गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला, तर इंजिन फिरत राहते, पण त्याला तेल मिळत नाही. मधूनमधून थोडा थ्रॉटल द्यावा किंवा क्लच दाबावा.

सुट्या भागांसाठी दिल्लीचे करोल बाग आणि मुंबईत कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार प्रसिद्ध आहेत. तरीही सर्वांत मोलाचा सुटा भाग म्हणजे जुना मिस्त्री. ज्याच्या कानाला राजदूतची फटफट ओळखीची आहे, अशी माणसे आता मोजकी उरली आहेत. नातवाने त्याच्या शेजारी बसून पाना हातात घेतला, तर गाडी दुरुस्त होतेच, आणि एक विद्याही घरात येते.

धुराचा हिशेब

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. टू-स्ट्रोक गाड्या बंद झाल्या त्या त्यांच्या धुरामुळे. मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. हा त्या रचनेचाच दोष आहे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसतशा कंपन्या फोर-स्ट्रोककडे वळल्या, आणि राजदूतचे उत्पादनही 2005 च्या सुमारास थांबले. शिवाय डहाणू हा साधा तालुका नाही. केंद्र शासनाने 20 जून 1991 रोजी तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि 1996 साली न्यायमूर्ती चं. शं. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. ज्या हवेच्या रक्षणासाठी एवढी लढाई झाली, त्या हवेत हौसेखातर धूर सोडणे कितपत योग्य?

याचे उत्तर गाडीच्या स्थितीत आणि वापरात आहे. 31 मार्च 2000 पूर्वीच्या दुचाकींना पीयूसीसाठी कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 9000 पीपीएम अशी मर्यादा आहे. चांगले सील, योग्य बोअर, मोजून घातलेले चांगले तेल आणि स्वच्छ सायलेन्सर असलेली राजदूत ती पाळू शकते. दुर्लक्षित गाडी पाळणार नाही. रोजच्या वसुलीला आणि मालाच्या फेऱ्यांना नवी गाडी घ्यावी. राजदूत महिन्यातून एक-दोनदा चालावी, तेवढ्याने यंत्रही जिवंत राहते आणि हवाही सुसह्य राहते. कोणाला हेही पटत नसेल, तर गाडी स्वच्छ करून, कागद पूर्ण करून, न चालवता जपून ठेवणे हाही सन्मानाचाच मार्ग आहे. फक्त गंजत ठेवणे हा मार्ग नव्हे.

शेवटी रंग

रंगाची पाळी आता येते, आणि येथेही हात आखडता घ्यावा. जुनी गाडी नव्यासारखी चकाकवणे सोपे आहे. क्रोम, पॉलिश, नवा बिल्ला, सगळे पैशाने मिळते. पण टाकीवर गुडघा घासून उडालेला रंग, मागील कॅरियरवर दोरीने पडलेले खाचे, हे त्या घराच्या व्यापाराचे ठसे आहेत. गंज थांबवावा, चाकांचे आरे बदलावेत, ब्रेकचे लायनर नवे घालावेत, कारण सुरक्षेत काटकसर नको. उरलेले जसे आहे तसे ठेवले तरी चालते. मालकी, विमा आणि ब्रेक ठीक असले की गाडी रस्त्यावर येते; चकाकी नसली म्हणून कोणी अडवत नाही.

खर्चाची वहीही पहिल्या दिवसापासून घालावी. खरेदी, कागद, इंजिन आणि किरकोळ अशी चार खाती. अनेकांना शेवटी आढळते की खरेदीचे खाते सर्वांत लहान होते. किरकोळ खाते मात्र कधीच बंद होत नाही. ज्याला हे मान्य आहे त्यानेच हा व्यवहार करावा. नफ्याच्या आशेने करू नये.

दिवाळीत वहीपूजन होते आणि लाभपंचमीला नवे व्यवहार सुरू होतात. पावसाळ्यात उघडलेली गाडी तोवर बांधून तयार झालेली असावी, असे बेत अनेक घरे करतात. त्या दिवशी सकाळी आजोबांना अंगणात खुर्ची टाकून बसवावे आणि पहिली किक नातवाने मारावी. पहिल्या दोन-तीन किकांत ती बहुधा सुरू होणार नाही. मग आजोबा न उठता सांगतील, "चोक ओढ, थ्रॉटल सोड, आता मार." आणि फटफट सुरू झाली की ते पुढचे वाक्यही सांगतील, कोणत्या पाड्यावर कोणाकडे थांबायचे ते. गाडीचा दिवा 6 व्होल्टचा, मिणमिणता. पण सूर्यास्तापूर्वी घरी परतणाऱ्या घराला तो पुरेसा आहे.